शांत डब्याचा ऑक्टोबर

घटस्थापना झाली की आमच्या अकराव्या मजल्यावरच्या घरात दुपारी बसवत नाही. पश्चिमेची भिंत तापते, नळाला कोमट पाणी येतं आणि पंखा तीच गरम हवा इकडून तिकडे ढकलत राहतो. मुंबईकर ह्याला ऑक्टोबर हीट म्हणतात आणि दरवर्षी नव्याने आश्चर्य करतात. मीही करते. ह्याच दिवसांत, वर्षातून एकदा, मी टीव्हीच्या कपाटाखालचा काळा डबा बाहेर ओढते, मागचे चार स्क्रू काढते आणि दाढीच्या जुन्या ब्रशने आतली धूळ झाडायला बसते. लालबागच्या धुळीत काय नसतं? समोरच्या टॉवरचं सिमेंट असतं, उन्हाळ्यात गल्लीत कांडलेल्या मिरच्यांचा ठसका असतो, गणपतीत उधळलेला गुलाल असतो. चार शिंका आल्याशिवाय ते काम पुरं होत नाही.

हा डबा म्हणजे आमचा घरचा सर्व्हर. आपले फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं कुठल्या तरी परमुलखातल्या मशीनवर न ठेवता आपल्याच घरात सांभाळणारा, चोवीस तास चालू राहणारा छोटा संगणक. तो ज्या पेटीत बसतो तिला बाजारात कॅबिनेट म्हणतात. एका ऑक्टोबरात मी आणि बाबांनी मिळून असं एक लहानसं, आवाज न करणारं कॅबिनेट शोधलं, एवढीच खरं तर गोष्ट. एवढ्यावर कुणी लेख लिहितं का, असं कुणीही विचारेल. पण त्याच महिन्यात माझे वडील माझ्या घरातून कायमचे निघाले होते, आणि मी त्यांच्या निघण्याकडे पाठ करून पंख्यांचे आकार मोजत बसले होते. त्यामुळे डब्यावरून ब्रश फिरवताना मला दरवर्षी थोडं अपराधी वाटतं आणि बरंचसं हसूही येतं.

बाबांचं सगळं आयुष्य घोडपदेवच्या चाळीत गेलं. गिरणीत ते साचेखात्यात फिटर होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. एका छपराखाली शेकडो साचे एकदम चालायचे, तेव्हा शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी त्याला ऐकू जायचं नाही. तिथली माणसं खुणांनी बोलायला शिकली, ओठ वाचायला शिकली आणि म्हातारपण यायच्या आधीच अर्धी बहिरी झाली. गिरणी बंद पडली तरी बाबांचे कान काही परत आले नाहीत. मी हौसेने कानाचं यंत्र आणून दिलं. त्यांनी ते दोन दिवस लावलं आणि "ह्येतून नुसती खरखर येता" म्हणून डबीत ठेवून दिलं. आता ज्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, तो हळू कसा बोलणार? बाबा फोनवर बोलले की समोरच्या सावंतकाकूंना आमच्या गावच्या फणसांची खबर लागायची. टीव्हीवरच्या बातम्या लिफ्टपर्यंत पोचायच्या.

आई गेली, पाठोपाठ चाळही पाडायला काढली, तेव्हा बाबा दोन बॅगा आणि हत्यारांची एक लोखंडी पेटी घेऊन माझ्याकडे आले. मी एकटी राहते. दादरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, म्हणजे 'शांतता राखा' अशा पाटीखाली दिवसभर बसते आणि कुजबुजणाऱ्या पोरांकडे चष्म्यावरून बघते. त्या बघण्याची मला इतकी सवय झाली आहे, की घरी प्रेशर कुकरकडेही मी तशीच बघते. बाबा हॉलमध्ये जमिनीवर गादी घालून झोपायचे, मी आतल्या खोलीत. दोन वर्षं आम्ही एकमेकांच्या वाटेत न येता राहिलो. आणि त्या वर्षी गणपतीला गावी जाऊन आल्यावर एका दुपारी जेवता जेवता बाबांनी सांगून टाकलं, "तुळशीचा लगीन झाला की मी गावाक जातंय. आता थयच ऱ्हवतलंय."

बाहेर बाबा चारचौघांसारखं मराठी बोलतात, पण घरात त्यांची मालवणी सुटलेली नाही. मला मालवणी समजते, पण मी उत्तर मराठीत देते. गावी आमचं घर आहे, पण त्यात माणूस नाही. चुलतकाका राहतात ते वाडीच्या दुसऱ्या टोकाला. बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू, ऐकायला कमी, आणि दारात कुणी उभं राहून हाका मारल्या तरी ह्यांना पत्ता लागायचा नाही. मी विचारलं, "का पण?" ते म्हणाले, "थयली हवा बरी." मी म्हटलं, "बघू." आमच्या घरात जी गोष्ट अजिबात पटलेली नसते तिला बघू म्हणायची पद्धत आहे. खरं तर तेव्हाच म्हणायला हवं होतं, की जाऊ नका, मला करमणार नाही. पण चाळिशी उलटलेल्या बाईने सत्तरी उलटलेल्या बापाला असं तोंडावर सांगायचं, ही आमच्याकडे रीत नव्हती. माया जेवणाच्या डब्यातून द्यायची, औषधाच्या वेळा सांभाळून दाखवायची. बोलायची नाही.

सर्व्हर करायचं डोक्यात होतं ते आईच्या फोनमुळे. तो फोन शेवटच्या घटका मोजत होता. पडदा अर्धा काळा पडलेला, पाठ बॅटरी फुगल्यामुळे उचललेली. आत चार हजारांवर फोटो. आईला फोटो काढायची शिस्त नव्हती आणि हौस अफाट होती. सुरमईचे तुकडे, गॅसच्या सिलिंडरचा नंबर, हिंदमाताच्या दुकानातले साड्यांचे काठ (मावशीला पसंत करायला पाठवलेले), चाळीच्या कठड्यावर वाळत घातलेले माझ्या लहानपणापासूनचे तेच ते टॉवेल, आणि निम्म्या फोटोंत तिचा स्वतःचा अंगठा. हे सगळं कुठल्या तरी कंपनीच्या ढगात ठेवायचं आणि ती दर आठवड्याला जागा संपली म्हणून धमकावणार, हे मला नको होतं. घरातलं घरात राहावं. आता प्रश्न एवढाच होता, की तीनशे फुटांच्या घरात हे 'घरात' म्हणजे नक्की कुठे? आतल्या खोलीत पुस्तकांमुळे मीच तिरकी चालते. स्वयंपाकघरात तेलाची वाफ. गॅलरीत ऊन. उरली ती टीव्हीच्या कपाटाखालची जागा, बाबांच्या उशीपासून हातभर.

आधी मी कॉलेजच्या अडगळीतलं एक उंच जुनं कॅबिनेट रीतसर मागून आणलं, त्यात दोन हार्ड डिस्क बसवल्या आणि सुरू केलं. एक हलकी घूं ऐकू येत होती. म्हटलं, बाबांना कुठे कळणार आहे. दुपारी जेवण झाल्यावर बाबा गादीवर आडवे झाले आणि पाचव्या मिनिटाला उठून बसले.

"काय गो, ह्या काय चालू केलंस? माका पाठीत कळता."

त्यांनी लादीवर तळहात ठेवला. मग कपाटावर, मग कॅबिनेटवर. मग उठून हत्यारांची पेटी उघडली, लांब दांड्याचा पेचकस काढला, त्याचं टोक कॅबिनेटच्या पत्र्यावर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून डोळे मिटले. मी लहानपणापासून त्या माणसाला ओळखते, पण काम करताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. गिरणीत बायकापोरं कुठे जायची? चेहरा एकदम वेगळा झाला. दोन ठिकाणी पेचकस टेकवून झाल्यावर ते म्हणाले, "पंखो नाय. आत तबकड्ये फिरतत, त्येंचो थरथराट हा. पत्रो पातळ, तो नाचता. म्हणान जमीन नाचता."

मी आठवडाभर इंटरनेटवर घासून वाचलेलं ज्ञान नेमकं हेच होतं. शांत कॅबिनेट हवं तर पत्रा जाड हवा, डिस्कच्या खाली रबर हवं, पंखा मोठा आणि हळू फिरणारा हवा. बाबांनी ते हाडाने ऐकून सांगितलं.

तेव्हापासून घरात एकच विषय. सकाळी चहाला मी म्हणायची, "बाबा, ह्यात दोन डिस्क मावतात, पण आवाज आहे म्हणतात." दुपारी फोन करून सांगायची, "एक सापडलंय, पण आवाज नको मला, थोडासुद्धा नको." संध्याकाळी मोबाइलवर चित्रं दाखवायची आणि तेच. शांत हवं. एकदम शांत. त्यांना पाठीत लागता कामा नये, त्यांची दुपारची झोप मोडता कामा नये, एवढंच माझ्या मनात होतं. जाईपर्यंत तरी त्यांना माझ्या घरात स्वस्थ झोप मिळू दे. पण हे कारण मी एकदाही उच्चारलं नाही. उच्चारायचं काय त्यात, ते दिसतच होतं, असं मी धरून चालले होते.

शांतता ह्या गोष्टीचा मी तेव्हा बराच विचार करायची. आमच्या वाचनालयात भर दुपारी सत्तर मुलं बसलेली असतात, तरी पान उलटल्याचं ऐकू येतं, आणि मला ती शांतता भरलेल्या माठासारखी वाटते, हात लावला तर गार लागेल अशी. घरातली शांतता तशी नसते. आई गेल्यावर मी घोडपदेवला पहिल्यांदा गेले, तेव्हा चाळीत नळावर भांडण चालू होतं, वर कुणी तरी खिळा ठोकत होतं, आणि तरी आमच्या खोलीत शांतता होती. ती मला सोसली नाही. एकीसाठी मी पाटी लावून बसते आणि दुसरीपासून चप्पल न घालता पळाले होते. हे दोन्ही एकच असेल असं मला अजूनही वाटत नाही.

संगणकाच्या सुट्या भागांची दुकानं आहेत त्या लॅमिंग्टन रोडला आम्ही दोघं गेलो तो दिवस तापलेल्या तव्यासारखा होता. बाबांनी पेचकस शर्टाच्या खिशात, पेनाच्या जागी लावलेला. हरेशभाई म्हणून एक कच्छी गृहस्थ आहेत, दुकान केवढंसं, पण माणूस उमदा. त्यांनी आम्हाला गल्ल्याजवळच्या स्टुलांवर बसवलं आणि एकाहून एक कॅबिनेटं काढली. पहिलं सगळं काचेचं, आत निळे-जांभळे दिवे फिरणारे.

"काका, ये देखो, अभी सब यही लेते हैं."

बाबांनी काचेवर टिचकी मारली. "ह्यात मासे खयचे सोडूचे?"

हरेशभाईंना मालवणी कळली नाही, पण अर्थ पोचला. मग त्यांनी दिवे असलेली कॅबिनेटं बाजूला सारली. बाबा उभे राहिले आणि रांगेतल्या एकेका पेटीवर बोटाच्या पेराने ठोकून, दुसरा तळहात बाजूला चिकटवून बघत पुढे गेले, जशी बाजारात माणसं माठ वाजवून घेतात. ठण्ण वाजलं की पुढे. हरेशभाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, मग स्वतःही कान लावून ठोकायला लागले. दुकानातली दोन गिऱ्हाइकं थांबून बघत होती. शेवटी वरच्या फळीवरून, धुळीतून, एक बुटकं काळं कॅबिनेट खाली आलं. ना काच, ना दिवा. तांदळाच्या मोठ्या डब्याएवढं, आणि उचललं तर हात खाली जावा इतकं जड. बाबांनी ठोकलं. ठप्प.

"ह्यो डबो," बाबा म्हणाले.

"ये? ये तो कोई लेता नहीं, काका. पुराना माल है."

"म्हणान तर," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे बघून, कित्येक महिन्यांनी, दात दाखवून हसले. येताना टॅक्सीत डबा त्यांनी मांडीवर घेतला. माझ्या मांडीवर दिला नाही.

पुढचे चार दिवस फार छान गेले. शिवडीच्या गोदामात बाबांचे एक जुने सोबती ट्रकच्या कामावर देखरेख करतात, त्यांच्याकडून फाटक्या ट्यूबचं रबर आलं. बाबांनी त्याच्या गोल चकत्या कापून डिस्कच्या प्रत्येक स्क्रूखाली बसवल्या. मग त्यांना पत्र्याला आतून लावायला जाड फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं कापड, हवा झाला, त्यासाठी आम्ही हिंदमाताला गेलो. पहिल्याच दुकानातल्या विक्रेत्याने मला बघून पैठण्या पसरायला सुरुवात केली. बाबांनी हाताने अंदाज दाखवून सांगितलं, जाड पाहिजे, लोकरीचं, आतून लावायला. तो म्हणाला, "अस्तर का? कुणाच्या मापाचं?" बाबा अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "मशीनच्या!" मी कानकोंडी झाले. आणि त्याच वेळी, त्या पसरलेल्या काठांकडे बघता बघता, हा माणूस महिन्याभरात जाणार आहे हे एकदम आठवलं. तिथेच 'जाऊ नका' म्हणावंसं वाटलं. पण विक्रेता उभा होता. फेल्ट घेतला आणि आलो.

अष्टमीच्या दिवशी डबा सुरू केला. काहीच ऐकू आलं नाही. मी कान टेकवला, तरी नाही. बाबांनी लादीवर हात ठेवला, पेचकस लावला, डोळे मिटले, बराच वेळ मिटलेले ठेवले. "असा," ते म्हणाले, म्हणजे आहे, चालू आहे. "पण जपून बोलता." नवमीच्या संध्याकाळी मी आईचा फोन डब्याला जोडला. फोन इतका थकला होता की एकेक फोटो उतरायला वेळ लागत होता. मध्येच बंद पडला तर पुन्हा उठेल की नाही, ह्याची खात्री नव्हती. मी पडद्याच्या चांगल्या अर्ध्या भागात आकडा पुढे सरकताना बघत राहिले आणि सकाळी दादरच्या फुलबाजारात झेंडू आणायला गेले.

परत आले तर बाबा आंघोळ करून, धुतलेला लेंगा-सदरा घालून जमिनीवर बसले होते. समोर डबा. ओल्या फडक्याने पुसलेला. त्याला हळदकुंकू लावलेलं, तोंडावर खालून आणलेला झेंडूचा हार. बाजूला पेचकस, पाने, पक्कड ओळीने मांडून त्यांनाही कुंकू. आणि भिंतीवरचं बटण बंद.

"आज दसरो," बाबा म्हणाले. "मशीनीक आज सुट्टी."

गिरणीत दसऱ्याला हीच रीत होती. लहानपणापासून ऐकत आले होते मी. साचे थांबायचे, तेलपाणी पुसून लख्ख व्हायचे, हार चढायचे, आणि त्या दिवशी चालत्या मशीनला कुणी पुजत नसे, कारण पूजा घ्यायची तर तिनेही बसायला हवं. हे सगळं मला ठाऊक होतं. पण मला दिसला तो आईचा फोन. त्याचा उरलेला अर्धा पडदाही काळा झाला होता. बटण दाबलं, उठेना. पुन्हा दाबलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि मी वळून त्यांना म्हणाले, "तुम्हाला ऐकू येत नाही, कळत नाही, मग हात कशाला घालता त्यात?"

हे त्यांच्या कानापर्यंत गेलं की नाही कोण जाणे. पण साचेखात्यातला माणूस ओठ वाचतो. त्यांनी हार काढला, कुंकू बोटाने पुसलं, हत्यारं एकेक करून पेटीत ठेवली आणि झाकण लावलं.

दोन तास चार्जिंगला लावल्यावर फोन सुरू झाला. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत सगळे फोटो उतरले, अंगठ्यासकट. मी बाबांना जाऊन सांगितलं, "सगळं आलं, बाबा. काहीही गेलं नाही." त्यांनी मान डोलावली. "बरा झाला," म्हणाले. मी क्षमा मागितली नाही. संध्याकाळी नारळाचे घावन केले, चार जास्तच वाढले, आणि झालं असं समजले. मी इतकी वर्षं पुस्तकांत राहते, पण काही बाबतींत माझ्याइतकी अडाणी बाई लालबागेत दुसरी नसेल.

कारण त्यानंतर घराचं वागणं बदललं आणि मला ते बदललेलं नीट दिसलंच नाही. बाबा टीव्ही आवाज बंद करून बघायला लागले. बातम्यांतली माणसं नुसती तोंडं हलवायची. फोन आला की चप्पल घालून लिफ्टने खाली जायचे आणि आवारात उभं राहून बोलायचे. खोकला आला की गॅलरीत. मला वाटलं, रुसलेत. रुसवा चार दिवसांत जातो, म्हणून मी वाट बघत राहिले. दिवाळी आली. चकल्या केल्या, सावंतकाकूंकडे ताट दिलं. तुळशीच्या लग्नाला गॅलरीतल्या कुंडीशेजारी ऊस उभा केला, चिंच-आवळे ठेवले. दरवर्षी मंगलाष्टकं म्हणायची बाबांनी, आणि आजूबाजूच्या गॅलऱ्यांतून अक्षता पडायच्या. त्या वर्षी त्यांनी ती ओठातल्या ओठात म्हटली. अक्षता मी एकटीने टाकल्या.

दोन दिवसांनी सकाळी खाली टॅक्सी येऊन उभी राहिली. दादरवरून गावची गाडी होती. दोन्ही बॅगा दाराशी, हत्यारांची पेटी वर. दार सताड उघडं. बाबांनी चपला घातल्या, खिशातल्या गोळ्या चाचपल्या, घरावरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले,

"चला. आता तुका घरात शांत वाटात. तुका शांत व्हया, माका ठावक हा. माझो आवाज लय मोठो. तू तो डबो शोधी होतंस, तेवाच माझ्या ध्यानात इला. चेडवान तोंडान सांगूची वाट कित्या बघू?"

लेकीने तोंडाने सांगायची वाट का बघू, हे रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. समजून घेतल्यासारखं म्हणाले, मी एखादी अवघड गोष्ट चांगल्या रीतीने सांगितली असावी तसं. महिनाभर मी त्या माणसासमोर बसून सकाळ-संध्याकाळ म्हणत होते, आवाज नको, थोडासुद्धा नको, एकदम शांत हवं. आणि वर दसऱ्याला 'तुम्हाला ऐकू येत नाही' असंही मीच बोलले होते. गावची हवा हे कारण असेल-नसेल, पण राहायचं मन थोडं तरी शिल्लक असेल तर ते मी स्वतःच्या हाताने पुसलं होतं. मी खाली वाकून बॅगेचा पट्टा धरला आणि पट्ट्याकडे बघतच म्हणाले, "जाऊ नका."

"काय?"

"जाऊ नका, बाबा." रडू फुटलं होतं. तोंडावर हात गेला.

"काय म्हणतंस? हात काढ तोंडावरचो. माका ऐकाक येणा नाय गो."

मग मी हात काढला. तोंडाने शांतता राखायची माझी नोकरी, गळ्यातून मोठा आवाज काढून वर्षं झालेली. पण उघड्या दारात उभी राहून मी जन्मात ओरडले नसेन अशी ओरडले, "जाऊ नका! तो डबा तुमच्या झोपेसाठी शोधला होता! तुमच्या! मला तुमचा आवाज हवाय घरात! दसऱ्याला मी चुकले! मला तुम्ही हवे आहात!"

अकराव्या मजल्यावरची सगळी दारं उघडली. सावंतकाकू पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. लिफ्टमध्ये चढणारे गृहस्थ लिफ्ट धरून उभे राहिले. बाबा माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा आधी गोंधळलेला होता, मग लाजलेला, मग मला बघवेना.

"आरडतंस कित्या?" ते म्हणाले. "ऐकलंय."

त्यांनी डाव्या पायाची चप्पल काढली, मग उजव्या. मग सावंतकाकूंकडे वळून, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय करतलंय, वहिनी! चेडू जावक देना नाय!"